सोळा वर्षांत पडलेला पूल

बडनेऱ्याहून गाडी धरून मडगाव गाठणारी मंडळी आता चांदूर बाजारातही कमी नाहीत. मडगावला उतरून कळंगुटच्या किनाऱ्याकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ६६ वर आधी जुवारी लागते, मग पणजीला मांडवी. दोन्ही तिथे नावालाच नद्या. भरतीचं खारं पाणी आत दूरवर शिरतं. मांडवीवर आज शेजारी शेजारी तीन पूल उभे आहेत. त्यातला सगळ्यांत उंच, केबलांनी तोललेला अटल सेतू २०१९ चा. टॅक्सीवाला कौतुकाने तोच दाखवतो. जो पूल आता तिथे नाही, त्याची गोष्ट मात्र कुणी काढत नाही.

त्याचं नाव नेहरू पूल. गोवा मुक्त झाला तेव्हा पणजीहून पैलतीरी जायला फेरीबोटच होती. १९७० मध्ये पूल सुरू झाला, उत्तर गोवा राजधानीला जोडला गेला आणि ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, तो कोसळला. लोक पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले. नवा पूल आला १९९२ मध्ये.

ना मोठा पूर, ना भूकंप. पूल खाल्ला मिठाने.

हे मीठ काय करतं ते खारपाणपट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्या तालुक्यातून जाणारी पूर्णा पुढे त्याच पट्ट्यातून वाहते. भातकुली-दर्यापूरकडे बोअरच्या खाऱ्या पाण्यात कालवलेल्या स्लॅबचे पोपडे निघून खालची सळई उघडी पडलेली ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी मांडवीच्या पुलाचं दुखणं अर्धं पाहिलंच आहे. सिमेंट मुळात तीव्र अल्कधर्मी. त्याच्या पोटात सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर धरतो आणि गंज चढत नाही. पण पाण्यातलं क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर्षानुवर्षं झिरपत सळईपर्यंत पोचलं की हा थर फुटतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. ती मिळाली नाही की तो काँक्रीटच फोडतो.

साध्या सळईचं हे दुखणं निदान डोळ्यांना दिसतं. मांडवीचा पूल प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा होता. या पद्धतीत गर्डरच्या आत नळ्या सोडतात, त्यांत पोलादी तारांचे जुडगे ओवून जॅकने ताणतात, टोकांना पक्के अडकवतात आणि मग नळीत सिमेंटचा पातळ घोळ, म्हणजे ग्राउट, दाबाने भरतात. हा ग्राउट सगळीकडे नीट भरला गेला नाही तर पोकळी राहते. तिथे दमट हवा आणि खार पोचला की तारा गंजू लागतात. आधीच ताणलेली तार, तीही बारीक. थोडी कुरतडली गेली तरी तुटते. बाहेरून मात्र गर्डर धडधाकट दिसतो. तेव्हा या पद्धतीचं आपल्याकडे मोठं कौतुक होतं आणि ते अगदीच चुकीचंही नव्हतं, पण किनाऱ्यावर ती वापरताना ग्राउटकडे जेवढं लक्ष द्यायला हवं होतं तेवढं दिलं गेलं नाही, असं माझं मत आहे.

कारण मांडवी एकटी नाही. आपली संत्री ज्या वाशीच्या मार्केटला जातात, तिथून माल मुंबईत शिरतो तो ठाणे खाडी ओलांडून. तिथला १९७३ चा पहिला पूलही गंजाने लवकर थकला आणि १९९० च्या दशकात शेजारी दुसरा सुरू करावा लागला. वसईच्या खाडीवरच्या वर्सोवा पुलाच्या गर्डरला २०१३ मध्ये तडा गेला, तेव्हा जड वाहनं थांबवावी लागली.

गंमत म्हणजे पणजीहून रायबंदरला जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा पोर्तुगीज सेतू १६३४ च्या सुमाराचा आहे आणि त्यावरून आजही गाड्या धावतात. जांभ्या दगडाचा, सगळा खाजणातून गेलेला. त्यात गंजायला लोखंडच नाही. पण म्हणून जुनं ते सोनं म्हणण्याची घाई नको. महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एसटी बस प्रवाशांसह नदीत गेल्या. काही मृतदेह खाडीच्या मुखापर्यंत आणि त्याही पुढे किनाऱ्यावर सापडले.

आता खाडीवरच्या पुलांत सळईवर काँक्रीटचं कव्हर जाड ठेवतात आणि सिमेंटमध्ये राख किंवा स्लॅग मिसळतात. औष्णिक वीज केंद्राची ही बारीक राख, जिचे आपल्या पारसला ढीग लागतात, काँक्रीटची छिद्रं बुजवते आणि क्लोराइडची वाट लांबवते. कव्हरची गोष्ट तर घरच्या स्लॅबलाही तितकीच लागू आहे. आपल्याकडे मिस्त्री सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी गिट्टीचा खडा सरकवून मोकळे होतात. खारपाणपट्ट्यात घर बांधणाऱ्याने स्लॅब ओतण्याआधी शिडी लावून वर चढावं आणि ते खडे काढायला लावावेत. मिस्त्री कुरकुरेल, कुरकुरू द्यावं.