फसवा मेल ओळखण्यापेक्षा कळवायला शिकवा (लेखांक 6)

गेल्या आठवड्यात ग्राहकांना येणाऱ्या फसव्या फोनचा विचार केला, आज कर्मचाऱ्यांचा. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे 94 कोटी रुपये लुटले गेले, ते कुणा खातेदाराने ओटीपी सांगितल्यामुळे नव्हे. हल्ला बँकेच्या यंत्रणेवरच झाला होता. चोर असे आत शिरतात कसे, हे बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या प्रकरणात उघड झालं. फेब्रुवारी 2016 मध्ये तिथून 8 कोटी 10 लाख डॉलर गेले, आणि अमेरिकी तपासयंत्रणांच्या म्हणण्यानुसार त्याची सुरुवात वर्षभर आधी झाली होती, नोकरी मागणाऱ्या एका उमेदवाराच्या नावाने आलेल्या ईमेलने. भाषा नम्र, सोबत बायोडेटाची लिंक. देवरूखच्या एखाद्या पतसंस्थेत किंवा कॉलेजच्या ऑफिसात असा मेल आला तर क्लार्क तो उघडणारच. अनोळखी माणसाचे अर्ज पाहणं हेच त्याचं काम आहे. ‘अनोळखी मेल उघडू नका’ हा उपदेश त्याच्या काय कामाचा?

तरीही प्रशिक्षण म्हटलं की बहुतेक ठिकाणी एक व्याख्यान होतं, आणि फार तर नकली मेल पाठवून कोण फसतं ते पाहिलं जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या रुग्णालयांत साडेएकोणीस हजार कर्मचाऱ्यांवर आठ महिने हा प्रयोग झाला. प्रशिक्षण घेतलेले आणि न घेतलेले यांच्या फसण्यात सरासरी फरक पडला जेमतेम 1.7 टक्क्यांचा. झुरिकच्या ईटीएच संस्थेने एका मोठ्या कंपनीत 14 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा 15 महिने अभ्यास केला. तिथे क्लिक केल्याक्षणी दिलेल्या धड्याने लोक सावध झाले नाहीत, उलट जास्त फसले. मात्र संशयास्पद मेल कळवण्याचं बटण दिल्यावर काही मिनिटांतच सूचना येऊ लागल्या, आणि महिने उलटले तरी कळवण्याचा उत्साह टिकला. माझ्या मते शिकवण्याची खरी गोष्ट हीच आहे.

मग ओळखायला शिकवायचंच नाही का? थोडं जरूर शिकवावं. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितलं, त्याची मुदत 31 ऑक्टोबर 2025 होती. लिंकमध्ये सुरुवातीला बँकेचं नाव कुणालाही घालता येतं; ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय लिहिलंय ते पाहायचं. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, त्यामुळे ही खूण तिथे चालत नाही. तिथे नियम एकच हवा: चेअरमनच्या नावाने ‘ताबडतोब एनईएफटी करा’ असा मेल आला, तर आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर त्यांना फोन करायचा. गाव लहान असल्याचा हा मोठा फायदा आहे.

दुसरा आक्षेप व्यवस्थापकांचा: शिक्षा नसेल तर लोक बेफिकीर होतील. मला हे पटत नाही. मेमोची भीती असली की माणूस क्लिक थांबवत नाही, क्लिक केल्याचं लपवतो. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन होईल तितकी ते गोठवण्याची शक्यता जास्त. लपवण्यात नेमका तोच वेळ जातो. म्हणून देवरूखमधल्या संस्थाचालकांना विनंती आहे: येत्या सभेत ठराव करा की, चूक स्वतःहून लगेच कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही, आणि तो ठराव ऑफिसातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.