वडाची सावली व तिचे खांब

वडाचें झाड किती विस्तार पावतें, याचा दाखला सातारा जिल्ह्यांतच आहे. वैराटगडाच्या पायथ्याशीं असलेल्या म्हसवे गांवच्या वडाची मोजणी ली वॉर्नर साहेबांनीं १८८२ सालीं केली. तेव्हां त्याच्या सावलीचा घेर १५८७ फूट, दक्षिणोत्तर लांबी ५९५ फूट व पूर्वपश्चिम रुंदी ४४२ फूट भरली. हें क्षेत्र सुमारें साडेचार एकर, म्हणजे १८० गुंठे होतें.

एवढा भार एकट्या बुंध्यास पेलवत नाहीं. फांद्यांच्या पारंब्या भुईस टेंकून मूळ धरतात व कालांतरानें खांब बनतात. त्यांच्या आधारानेंच फांदी पुढें सरकते. कोलकात्याजवळील शिवपूरच्या वनस्पतिउद्यानांतील वडाचा मूळ बुंधा बुरशी लागल्यामुळें १९२५ सालीं काढून टाकावा लागला. तथापि तो वड पारंब्यांवर उभा राहिला. उलटपक्षीं, रस्त्याकडेच्या वडाच्या पारंब्या वाहनांस अडतात म्हणून छाटल्या, किंवा पाराभोंवतीं फरशी बसविली, म्हणजे त्याचे भावी खांबच नाहींसे होतात.

मिरज तालुक्यांतील भोसे येथील वड सुमारें ४०० वर्षांचा मानला जात असे. तो रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला असतां २०२० सालीं लोकांनीं आवाज उठविला व तो तोडीपासून वांचला. परंतु २०२२ सालीं तो कोसळला. जुना वृक्ष राखणें हें पुण्यकर्म खरें. पण त्याचा वारस वेळींच जमिनींत नसेल तर पुढील पिढीस सावली कोठून मिळणार?

यास्तव शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पावसाळ्याच्या आरंभीं मनगटाएवढी जाड व सहा ते आठ फूट लांब निरोगी फांदी दोन फूट खोल पुरावी. वरच्या छाटास शेणमातीचा लेप द्यावा, भोंवतीं कांटेरी कुंपण करावें व पहिले दोन उन्हाळे पाणी घालावें. झाड वाढून पारंब्या लोंबूं लागल्यावर पोकळ बांबूंत माती व खत भरून त्यांतून त्या भुईपर्यंत उतरवाव्या.

वड शेताच्या बांधावर मात्र लावूं नये. त्याच्या सावलींत पीक येत नाहीं, मुळें विहिरीचें बांधकाम फोडतात व शेजाऱ्याशीं तंटा उभा राहतो. गायरान, बाजारतळ किंवा तळ्याचा मोकळा कांठ हीच त्याची योग्य जागा. ग्रामपंचायतीचा ठराव करून तेथें चारी बाजूंस जागा सोडावी आणि ज्या गांवीं जुना वड उभा आहे, त्या गांवानें याच पावसाळ्यांत दुसरा लावावा.