जबलपूरचे ‘काले’ आणि सर्बियाचे योवानोविच

रत्नागिरीकडील नेवरे गावचे गोविंद बल्लाळ खेर पेशव्यांच्या आज्ञेने बुंदेलखंडाचा कारभार पाहू लागले आणि पुढे साऱ्या दप्तरांत गोविंदपंत बुंदेले या नावानेच ओळखले गेले. त्यांच्याच घराण्याच्या सागरकर फौजांनी १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य जिंकल्यावर जबलपूरच्या परिसरात जो मराठी अंमल बसला, तो मध्यंतरी नागपूरकर भोसल्यांकडे जाऊन १८१७ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती पडला. राज्य गेले तरी आडनावे राहिली, परंतु खेरांचे बुंदेले ज्या सहजतेने झाले ती पाहता आडनावाची साक्ष कितपत ग्राह्य मानावी, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडावा असाच आहे.

आडनाव पित्याकडून अपत्याकडे जाते आणि वाय गुणसूत्रही पित्याकडूनच पुत्राकडे जाते; हे साम्य कळण्याच्या आधीच, केवळ आडनावाच्या आधारे, चार्ल्स डार्विनचे चिरंजीव जॉर्ज यांनी १८७५ मध्ये एकाच आडनावाच्या वधूवरांची गणना करून इंग्लंडातील चुलत-मावस भावंडांच्या विवाहांचे प्रमाण अजमावले. या रीतीचे गृहीत असे की, एका आडनावाचे सर्व लोक एकाच मूळपुरुषाचे वंशज. ते आपल्याकडे तत्काळ कोसळते, कारण गावोगावी निराळा कुलकर्णी, निराळा जोशी आणि निराळा पाटील वतनावर होता.

सर्बियातही तीच गत आहे. तेथील सर्वाधिक आढळणारे आडनाव योवानोविच, म्हणजे योवानचा वंशज. आणि योवान कोणत्या खेड्यात नव्हता? शिवाय एकोणिसाव्या शतकात सरकारी हुकमाने आडनावे कायम होईपर्यंत पेटारचा मुलगा पेट्रोविच आणि त्या मुलाचे नाव निकोला असल्यास त्याची मुले निकोलिच, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी चाले. आपण मधल्या नावात जे ठेवतो, ते त्यांनी शेवटी ठेवले इतकेच. नावांच्या बाबतीतील श्रद्धाही आपल्या ओळखीच्या आहेत. सर्बियन भाषेचे संस्कारक वुक कराजिच (जन्म १७८७) यांच्या आधीची भावंडे दगावल्यामुळे चेटकिणींनी याला तरी शिवू नये म्हणून त्यांचे नाव ‘लांडगा’ अशा अर्थाचे ठेवण्यात आले. आपल्याकडे अशाच हेतूने धोंडू, दगडू आणि केरबा झाले.

मग खरे-खोटे नाते ओळखावे कसे? सर्ब माणूस ‘स्लावा’ विचारतो. प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, त्याचा वार्षिक सण पित्याकडून पुत्राकडे वारशाने येतो, आणि दोन योवानोविचांचे संत भिन्न निघाले तर सामान्यतः त्यांना सगोत्र समजत नाहीत. युनेस्कोने २०१४ मध्ये आपल्या वारसायादीत घेतलेली ही प्रथा मराठी वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही. दोन जोशी भेटले की गोत्र आणि कुलदैवत यांची चौकशी होतेच. माझ्या मते आडनावापेक्षा ही दुसरी साक्ष अधिक विश्वासार्ह आहे, कारण दैवत बदलावे असे कोणत्याही कारकुनाला वाटत नाही.

आडनाव मात्र कारकुनाच्या लेखणीत अडकते. हिंदी लेखनात ‘ळ’ सहसा येत नसल्याने जबलपूरच्या कागदोपत्री काळे यांचे ‘काले’ आणि गोळे यांचे ‘गोले’ होते, आणि नक्कल करताना गुणसूत्रात शिरलेला बदल जसा पुढील पिढ्यांत उतरतो, तसा हा बदलही शाळेच्या दाखल्यातून मतदारयादीत व तेथून नातवंडांच्या सहीत उतरतो. सर्बांच्या ‘इच’ या प्रत्ययातील विशिष्ट अक्षर परदेशी लिपीत न मावल्याने अमेरिकेतही हेच घडले. सर्ब पित्याचे पुत्र असलेले चित्रपट-दिग्दर्शक पीटर बोग्डानोविच यांच्या आडनावाचे रोमन लेखन बेलग्रेडमधील लेखनाशी जुळत नाही.

नेपियर टाउन, राइट टाउन वा गोलबाजारातील ज्या मराठी घरांत जुनी मोडी कागदपत्रे अद्याप शिल्लक असतील, त्यांनी वाळवी लागण्यापूर्वी आडनावासोबत मूळ गाव, गोत्र आणि कुलदैवत यांची नोंद करून ठेवावी. आणि जे मूळचे काळे असतील, त्यांनी निदान ती नोंद तरी ‘ळ’ वापरून करावी.