तहानेने मरणारे फर वृक्ष

ज्या डोंगरमाथ्यावर सतत धुके असते, पाऊसही भरपूर पडतो, तेथील झाडे तहानेने मरतात असे कोणी सांगितले तर तुम्ही हसाल. पण अमेरिकेच्या आग्नेय भागातील ॲपलाचियन पर्वतात नेमके हेच घडले. तेथील मिचेल शिखर २,०३७ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सुमारे चारशे मीटर अधिक. त्या परिसरातील अशा थंड माथ्यांवर फ्रेझर फर हा सूचिपर्णी वृक्ष वाढतो. जगात अन्यत्र त्याची नैसर्गिक वने नाहीत.

१९५७ साली मिचेल शिखरावर फरच्या खोडांवर कापसासारखे पांढरे ठिपके आढळले. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा पडला होता; घरी शेती असेल तर वडीलधाऱ्यांना विचारा, ते वर्णन करतील. त्याच गोतावळ्यातला हा कीटक, नाव ॲडेल्जिड. मूळचा युरोपातला, विसाव्या शतकाच्या आरंभी तो उत्तर अमेरिकेत पोहोचला. युरोपातील फर त्याला दाद देत नाहीत, फ्रेझर फरला मात्र त्याची सवयच नव्हती. कीटकाची लांबी एक मिलिमीटरहून कमी. अमेरिकेत त्याचे नर आढळत नाहीत. माद्या नराशिवायच शंभरावर अंडी घालतात. अंड्यातून निघालेले पिल्लू तेवढे चालते, वाऱ्याने दुसऱ्या झाडावर जाते. एकदा सालीत सोंड खुपसली की जन्मभर तेथेच मुक्काम.

एवढासा जीव रस पिऊन पिणार तरी किती? खरे नुकसान होते त्याच्या लाळेने. तिच्यातील द्रव्यांमुळे आत तयार होणारे नवे लाकूड विकृत बनते. पाणी वर नेणाऱ्या सूक्ष्म नळ्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते. येथे माझा, भौतिकशास्त्राचा, विषय आला! बारीक नळीतील प्रवाह, दाबातील फरक तोच असल्यास, त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. (लाकडातील नळ्या पुस्तकातल्या नळीसारख्या सरळ नसतात, पण अंदाज येण्यास हे पुरे.) मुळाशी ओल, आणि शेंड्याला पाणी नाही. काही वर्षांत झाड वाळते.

ग्रेट स्मोकी पर्वतातील बहुतेक पूर्ण वाढलेले फर असेच गेले. सावली गेल्याने खालचे शेवाळ सुकले. त्या शेवाळात राहणारा तीन-चार मिलिमीटरचा एक कोळी १९९५ साली संकटग्रस्त जाहीर करावा लागला.

परदेशांतून भक्षक कीटक आणून सोडले. काही रुजले, पण बंदोबस्त झाला नाही. साबणाच्या पाण्याची फवारणी लागू पडते, पण ती रस्त्यालगतच्या झाडांपुरतीच. डोंगरभर कोण फवारणार?

कोवळ्या फरची साल गुळगुळीत असते, कीटकाला आसरा देणाऱ्या भेगा तिच्यात कमी. म्हणून मेलेल्या झाडांखाली रोपांची दाटी झाली. मात्र फरला बी धरायला सुमारे पंधरा वर्षे लागतात, आणि तोवर साल खडबडीत होऊ लागते. काही माथ्यांवर या दुसऱ्या पिढीने बी धरले आहे. कीटकही अजून तेथेच आहे.