चुन्याचं वर्तुळ आणि चपलांचा जोड

भालकीच्या बसस्टँडजवळ चुन्याने वर्तुळ आखलं, की आमचा रंगमंच तयार. यंदाच्या पथनाट्यात आहेत ती आपल्याच भागातली, माणसं जोडणारी माणसं.

पहिले बसवण्णा. बाराव्या शतकात कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, त्यांच्याभोवती शरण, म्हणजे त्यांचे अनुयायी, जमले. परंपरा सांगते, चर्मकार हरळय्याच्या मुलाचं ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लग्न झालं आणि दोन्ही बापांना प्राण गमवावे लागले. हरळय्या चर्मकार, म्हणून त्याच्या हातात आम्ही चपलांचा जोड देतो. मुद्दाम खऱ्या चामड्याचा शिवून घेतला. त्याची करकर ऐकली की गर्दी आपोआप गप्प होते.

दुसरे गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदे नवाज, निधन १४२२. त्यांचं सोंग आम्ही घेत नाही. भाविकांचं मन दुखावू नये म्हणून फक्त हिरवी चादर येते आणि निवेदक दखनीत बोलतो. तिसरे हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५). सगळ्या मतांचा आदर करणारा त्यांचा सकलमत संप्रदाय आजही नांदतो.

तयारी साधीच: पोलिसांची परवानगी, गावातल्या वडीलधाऱ्यांसमोर आधी एक तालीम, वीस मिनिटांचा खेळ, आणि मराठी, कन्नड, दखनी अशा तिन्ही भाषांतले संवाद. कपडे घरातलेच, धुवून इस्त्री केलेले. भरजरी पोशाखात संत दूरचे वाटतात. मला ते शेजारी उभे असल्यासारखे दिसायला हवेत.