सिस्टीमची उलटतपासणी कोण करणार?

आळेफाट्यावर कांद्याचा बाजार असला म्हणजे पहाटेपासून पिकअप आणि ट्रॅक्टरांची रांग लागते. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे जुन्नर तालुक्याबरोबरच शेजारच्या तालुक्यांतलाही माल येतो. या गर्दीत ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे त्याला दिवसाचे दोन पैसे जास्त सुटतात, आणि ज्याच्याकडे नाही तो दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने ड्रायव्हर म्हणून राहतो.

याच भागातल्या एका बौद्धवस्तीतला सव्वीस वर्षांचा तरुण माझ्याकडे आला. सहा वर्षे दुसऱ्याची पिकअप चालवली होती. आता स्वतःची जुनी गाडी घ्यायची होती. एका फायनान्स कंपनीच्या माणसाने मोबाईलवर त्याची माहिती भरली. नाव, पत्ता, पॅन, आधार. पाच मिनिटांत उत्तर आले, कर्ज नामंजूर. कारण विचारले तर तो माणूस म्हणाला, "आमच्या हातात काही नाही. सिस्टीमने नाकारलंय." मी वकील म्हणून कंपनीला पत्र लिहिले. त्यालाही दोन ओळींचे उत्तर आले. त्यात कारण नव्हते.

समाजबांधवांनो, ही सिस्टीम म्हणजे काय, हे आता आपण समजून घेतले पाहिजे. इंग्रजीत तिला प्रेडिक्टिव्ह ॲनालिटिक्स म्हणतात. साध्या मराठीत, कालच्या नोंदींवरून उद्याचा अंदाज बांधणे. मागच्या काही वर्षांत लाखो लोकांनी कर्जे घेतली. कोणी फेडली, कोणी बुडवली. फेडणाऱ्यांत काय सारखे होते आणि बुडवणाऱ्यांत काय सारखे होते, हे संगणक शोधतो. नवा अर्जदार आला की तो कोणत्या गटासारखा दिसतो ते पाहून त्याला गुण देतो. सिबिलचा ३०० ते ९०० मधला आकडा हा असाच अंदाज आहे. कंपनी त्यावरून ठरवते की कर्ज द्यायचे की नाही, आणि दिले तर किती व्याजाने. नोकरीला कोणाला बोलवायचे, विम्याचा हप्ता किती ठेवायचा, कोणत्या गोदामात किती माल भरायचा, हे निर्णयही आज असेच घेतले जातात.

हे शास्त्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. फाट्यावरचा आडतदार तरी दुसरे काय करतो? गेल्या वर्षीची आवक, पाऊस, नाशिककडचा माल, चाळीत किती शिल्लक, हे सगळे डोक्यात ठेवूनच तो बोली लावतो. हिशेब मांडून निर्णय घेणारी कंपनी ही तोंड बघून निर्णय घेणाऱ्या सावकारापेक्षा केव्हाही बरी. पण हिशेब कोणत्या नोंदींवर मांडला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

कांद्याचेच उदाहरण घ्या. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये ती अटींसह उघडली, आणि उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकले. मागच्या दहा वर्षांचे भाव कितीही बारकाईने अभ्यासले तरी दिल्लीतून निघणारा आदेश त्या आकड्यांत दिसत नाही. अमेरिकेतली झिलो ही घरांच्या व्यवहारातली मोठी कंपनी. संगणकाने काढलेल्या किमतींच्या भरवशावर तिने स्वतःच घरे विकत घेतली. अंदाज चुकले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो धंदा बंद करत असल्याचे तिने जाहीर केले, आणि सुमारे २५ टक्के नोकरवर्ग कमी करण्याची पाळी आली. परिस्थिती बदलली की कालचा अंदाज उद्या उपयोगी पडत नाही.

आपल्यासाठी मात्र धोका उलट्या बाजूने आहे. आपली परिस्थिती बदलली तरी यंत्र आपल्याला कालच्याच जागी बसवते. ॲमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज चाळणारे यंत्र बनवले होते. त्याला मागच्या दहा वर्षांचे अर्ज शिकायला दिले. त्या अर्जांत पुरुषच जास्त होते. मग अर्जात महिलांच्या संस्थेचा उल्लेख दिसला की यंत्र गुण कापू लागले. शेवटी कंपनीला ते मोडीत काढावे लागले. ही गोष्ट ऑक्टोबर २०१८ मध्ये उघड झाली. यंत्राला स्त्रियांचा द्वेष नव्हता. त्याने मालकाच्या जुन्या सवयी शिकून घेतल्या, एवढेच.

आता आपल्या देशातल्या सवयी पाहा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावांचा ठेवला. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर ०.६७ निघाले, मुस्लीम नावाला ०.३३. असे निर्णय घेणाऱ्यांच्या फायली उद्या यंत्राला शिकायला दिल्या, तर ते काय शिकेल?

कंपन्या म्हणतात, आमच्या फॉर्मात जातीचा रकानाच नाही. पण रकाना हवा कशाला? भीमनगर, सिद्धार्थनगर, मिलिंदनगर, रमाईनगर. आपण अभिमानाने दिलेली ही नावे पत्त्यात असतात. खेड्यात एका पिनकोडात अनेक गावे येतात, पण वस्तीचे नाव लिहिले की गावकुसाची आतली बाजू की बाहेरची, ते कळते. यंत्राला जात हा शब्द माहीत नसला तरी जातीची खूण पुरते.

माझ्या पक्षकाराला पत्त्यामुळे नाकारले, असे मी म्हणू शकत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. आणि अन्याय नेमका इथेच लपतो. नाकारणारा माणूस असता तर त्याला पिंजऱ्यात उभे करून मी उलटतपासणी घेतली असती. यंत्राला कोणत्या पिंजऱ्यात उभे करायचे?

आळे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते रेड्याच्या समाधीसाठी. ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्यामुखी वेद वदवले आणि तो रेडा पुढे आळ्यात गेला, अशी आख्यायिका. ती खरी की खोटी या वादात मी शिरत नाही. पण त्या गोष्टीतही रेडा जे बोलला ते रेड्याचे नव्हते, बोलविता धनी दुसराच होता. "सिस्टीमने नाकारलंय" असे कोणी सांगितले की आपण हाच प्रश्न विचारायचा, सिस्टीमला बोलायला कोणी शिकवले?

या प्रश्नाशी बाबासाहेबांचा फार जवळचा संबंध आहे. १९१७ च्या अखेरीस बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईला आले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस सल्ला देत होता, म्हणून सुरुवातीला गिऱ्हाईक आले. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरले आणि पेढी बंद पडली. नुकसान बाबासाहेबांचे झाले तसे त्या व्यापाऱ्यांचेही झाले. जातीने त्यांना धंद्याचा निर्णय चुकवायला लावला.

त्याच १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत लहान म्हणून शेती तोट्यात, असे तेव्हा सगळे म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, नुसते क्षेत्रफळ का मोजता? त्या शेतावर भांडवल किती, अवजारे किती, राबणारी माणसे किती, हे बघा. चुकीचे माप धरले तर आकडा बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले.

माझ्या पक्षकाराचेही तसेच निघाले. त्याचा क्रेडिट रिपोर्ट मागवला. त्यात थकबाकी नव्हती, काहीच नव्हते. त्याने कधी कर्जच घेतले नव्हते. पण त्याच्या घरी एक वही होती. सहा वर्षांतली प्रत्येक फेरी तीत लिहिलेली, कुठून कुठे, किती गोण्या, भाडे किती. ती वही आणि आईच्या बचत गटाचे रजिस्टर घेऊन आम्ही एका बँकेत गेलो. शाखाधिकाऱ्याने तासभर बसून वही वाचली. कर्ज मंजूर झाले. आजपर्यंत एक हप्ता चुकलेला नाही. म्हणजे यंत्राने एक चांगला गिऱ्हाईक घालवला, कारण यंत्राने वही पाहिली नव्हती. कंपन्यांना निर्णय सुधारायचे असतील तर त्यांनी आधी या वह्यांकडे पाहावे.

आता कायद्याचे. घटनेचा अनुच्छेद १५(२) दुकानात प्रवेश देताना जातीवरून भेदभाव करायला मनाई करतो, आणि हे बंधन खासगी माणसावरही आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले की दुकान हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे, सेवा देणारा प्रत्येकजण त्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात हाच अर्थ उचलून धरला. मग कर्ज विकणारी कंपनी दुकान नाही, असे कोण म्हणेल? २०२१ च्या नितीशा खटल्यात त्याच न्यायालयाने अप्रत्यक्ष भेदभावही मान्य केला. नियम वरून सर्वांना सारखा दिसत असला तरी त्याचा फटका एकाच गटाला बसत असेल, तर तोही भेदभाव आहे. नितीशा खटला सरकारविरुद्धचा होता. हे दोन निकाल एकत्र जोडून खासगी यंत्रांविरुद्ध लढण्याचे काम आपल्या वकिलांपुढे आहे.

तोपर्यंत हातात आहे ते वापरा. वर्षातून एक पूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत मिळतो, तो मागवा. चूक असेल तर २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपनी कायद्याने दुरुस्ती मागता येते. दुरुस्तीला ३० दिवसांहून उशीर झाला तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करता येते. कर्ज नाकारल्याची मुख्य कारणे लेखी द्यावीत, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना २००७ मध्येच सांगितले आहे. पूर्वी कर्ज घेतले नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला परत पाठवू नये, हेही सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत सांगितले. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

पण एवढ्याने भागणार नाही. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने आणि १९७६ च्या दुरुस्तीने कर्ज नाकारताना कारण सांगणे बंधनकारक झाले. युरोपने २०२४ च्या कायद्यात कर्ज आणि नोकरी ठरवणारी यंत्रे जास्त जोखमीची मानली. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क आहे, पण यंत्राच्या निर्णयाविरुद्ध माणसाकडे दाद मागण्याचा हक्क नाही. तो मिळवणे ही यापुढची चळवळीची मागणी असली पाहिजे. कोणत्या वस्तीतले किती अर्ज नाकारले, याची तपासणी कंपनीबाहेरच्या माणसांनी करावी, ही दुसरी मागणी. आणि आपल्या मुला-मुलींनी संख्याशास्त्र शिकावे, म्हणजे यंत्राला शिकवणाऱ्यांत आपलेही कोणी असेल.

तो तरुण आता आठवड्याला तीन फेऱ्या फाट्यावर आणतो. वही अजून लिहितो. भाडे मात्र खात्यावर घेतो, कारण पुढच्या वेळी यंत्रालाही ते दिसले पाहिजे, हे त्याला आता कळले आहे. ते आपल्या प्रत्येक वस्तीला कळावे, यासाठी हा लेखप्रपंच.