नाव कुणाचं, हात कुणाचा?

आज आपण कपड्यांविषयी बोलणार आहोत. सणवार जवळ आले की मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. अमुक मोठ्या डिझायनरचे कपडे आता तुमच्या खिशाला परवडतील अशा दरात, पण फक्त थोडेच दिवस! गटातल्या तरुण मुली मग विचारतात, “ताई, घेऊन टाकू का? पुन्हा मिळणार नाही म्हणतात.” हे ‘पुन्हा मिळणार नाही’ काय प्रकरण आहे, ते समजून घेऊ या.

आधी हा व्यवहार कसा चालतो ते बघा. डिझायनर म्हणजे कपड्याचा नमुना आखणारा. एखाद्या नावाजलेल्या डिझायनरचा लेहंगा लाखांच्या घरात जातो. दुसरीकडे स्वस्तात तयार कपडे विकणारी मोठी कंपनी असते, तिची दुकानं देशोदेशी. दोघांचा करार होतो. डिझायनर आपलं नाव आणि नमुने देतो. कंपनी ते कपडे कारखान्यांतून तयार करून घेते. म्हणजे लेबलवर नाव डिझायनरचं असलं, तरी त्याच्या लाखाच्या कपड्यामागचं कापड आणि हातकाम इथे नसतं.

ही पद्धत जगभर गाजली ती २००४ साली. स्वीडनची एच अँड एम ही कंपनी आणि कार्ल लागरफेल्ड हे नावाजलेले डिझायनर एकत्र आले. दुकानांसमोर रांगा लागल्या, माल बघता बघता संपला. २०११ च्या सप्टेंबरात अमेरिकेत टार्गेट या दुकानानं मिसोनी या इटलीच्या घराण्याचे कपडे आणले. इतकी झुंबड उडाली, की दुकानाची वेबसाइटच बंद पडली. काहींनी तर तो माल उचलून लगेच चढ्या भावानं विकायला काढला.

मग आपल्याकडे काय झालं? ऑगस्ट २०२१ मध्ये कोलकात्याचे प्रसिद्ध डिझायनर सब्यसाची मुखर्जी यांचे कपडे एच अँड एमनं विक्रीला आणले. त्यात एक साडीही होती, किंमत ९,९९९ रुपये. ऑनलाइन विक्री सुरू झाली आणि काही मिनिटांत बराचसा माल संपला. ज्यांना मिळालं नाही, त्या हळहळल्या.

पण खरा वाद वेगळाच होता. हस्तकलेसाठी काम करणाऱ्या संस्थांनी सब्यसाचींना जाहीर पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की या कपड्यांवरची नक्षी भारतातल्या कारागिरांच्या परंपरेतून आलेली, पण कापड यंत्रावर छापलेलं. जयपूरजवळच्या सांगानेरमध्ये लाकडी ठसे रंगात बुडवून हातानं कापड छापतात. पिढ्यान्‌पिढ्या घरं त्यावर चालतात. त्या वळणाची नक्षी जगभर विकायची आणि ठसा मारणाऱ्या हातांना काम मिळू नये, हे त्यांना खटकलं. भारतीय नक्षी जगाच्या बाजारात पोचवायची होती, असं सब्यसाचींच्या बाजूनं सांगितलं गेलं. दोन्ही बाजू ऐकल्या, तरी एक प्रश्न उरतोच: नक्षीचे पैसे झाले, त्यात हातांचा वाटा किती?

आता घाईचं गणित बघा. माल मुद्दाम मोजका ठेवतात. तारीख बरेच दिवस आधी जाहीर करतात. नट्यांचे फोटो झळकतात. माल संपला की ‘काही मिनिटांत संपला’ हीच बातमी होते, आणि ती बातमी म्हणजे कंपनीची फुकटची जाहिरात. चार शेजारणी एकाच साडीवर हात ठेवून उभ्या असल्या, की पाचवीलाही तीच साडी हवीशी वाटते. हे तसंच आहे. आपण साडी बघायचं सोडून गर्दी बघतो.

म्हणून घेण्याआधी तीन गोष्टी करा. पहिली, आतलं लेबल वाचा. कापड सुती आहे, रेशमी आहे की पॉलिस्टर, ते तिथे लिहिलेलं असतं. दुसरी, कापड उलटं करून बघा. हातठशाच्या कामात रंग बहुधा मागपर्यंत उतरतो आणि ठसा कुठे तरी केसभर सरकलेला दिसतो. यंत्राच्या छपाईत नक्षी एकसारखी असते, मागची बाजू बरेचदा फिकी असते. तिसरी, मनाशी विचारा: यावर नाव नसतं, तर या किमतीला मी हे घेतलं असतं का? उत्तर ‘हो’ आलं, तर खुशाल घ्या. आवडीचं नेसण्यात काही गैर नाही. पण उत्तर ‘नाही’ आलं, तर आपण नावाचे पैसे मोजतोय, एवढं माहीत असू द्या. आणि त्यासाठी गटातून कर्ज तर मुळीच काढू नका.

आता आपल्या शिवणकाम करणाऱ्या गटांसाठी. मोठ्या लोकांनी नाव विकायला शिकवलं, आपण काम विकायला शिकू. प्रदर्शनात आपल्या बायका गोधडी मांडतात आणि गिऱ्हाइकानं घासाघीस केली की मुकाट्यानं भाव उतरवतात. का? कारण त्या गोधडीत किती दिवस गेले, हे सांगणारं तिथे काहीच नसतं. एक साधी चिठ्ठी टाचा: कुणी शिवली, कोणत्या गावात, किती दिवस लागले. कापड, दोरा आणि मजुरी धरून भाव ठरवा. मजुरी धरायला विसरू नका, तीच सगळ्यात आधी विसरली जाते. एखादा व्यापारी तुमचा नमुना मागायला आला, तर काम कोण करणार आणि नगामागे किती देणार, हे आधी कागदावर घ्या. नमुना हातातून गेला, की नंतर बोलण्यात अर्थ नाही.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक छापील कपडा आणा. उलटसुलट करून बघू, हातठसा कोणता आणि यंत्राचा कोणता. एकदा नजर बसली, की दुकानात कुणी फसवू शकणार नाही. भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.